तिसऱ्या खांबावरचा खडू

मंगळवारी सकाळी दहाच्या सुमारास चंद्रभागाबाई लोणी काळभोरच्या पुढच्या जुन्या पुलाखाली गवत कापायला उतरली आणि विळा तिथंच टाकून ओरडत वर आली. खाली, तिसऱ्या खांबाच्या पायथ्याशी, दगडांवर माणूस पडला होता.

अकरा वाजता सहायक पोलीस निरीक्षक उल्का खळदकर पोचल्या. माणूस गेला होता. अय्युब तांबोळी, वय एकसष्ट. उभी हयात पूल तपासण्यात गेलेली. निवृत्तीनंतर कर्वेनगरच्या एका कॉलेजात पुलांवरच्या संशोधनाला मदत करत.

"उतारावर पाय घसरला, मॅडम," हवालदार म्हणाला. "काम सुरूच केलं नव्हतं. शिडी अजून मिटलेलीच हाय."

शिडी वीस पावलांवर गवतात होती. मिटलेली, पट्ट्याने आवळलेली. पट्ट्याला दोन पीळ, कडी आतल्या बाजूला. शेजारी पिशवी, पिशवीत मोबाइल.

उल्का उकिडव्या बसल्या. अय्युबभाईंच्या उजव्या हाताची बोटं निळी होती. खडूची पूड. त्यांनी वर पाहिलं. धुळीने काळवंडलेल्या खांबावर, दोन पुरुष उंचीवर, ताटाएवढ्या तीन जागा स्वच्छ होत्या.

पुलांच्या खात्याचा इंजिनियर जयसिंग काळभोर दुपारी आला. नाकाला रुमाल लावूनच.

"जलपर्णी, दुसरं काय! शनिवारी मशीन लावून सगळी नदीतून काढली आणि काठावर कुजत टाकली. आमच्याकडे असंच असतंय."

"अय्युबभाईंशी तुमचं पटायचं?"

"खोटं कशाला बोलू? न्हाय पटायचं. हातोडीनं खांब ठोकायचे. चांगलं काँक्रीट खणखणतं, आतून पोकळ असलं की बद्द वाजतं. बद्द वाजलं की निळ्या खडूनं गोल. गोल दिसला की मी पूल बंद करायचा, आणि शिव्या बी मीच खायच्या." त्याने वर खांबाकडे पाहिलं. "पण माणूस कधी चुकला न्हाय."

"आज सकाळी कुठे होतात?"

"हिंजवडीला मीटिंग. सातपासून दहापर्यंत. साहेबांना विचारा."

उल्कांनी विचारलं. खरं होतं.

बुधवारी त्या तांबोळींच्या घरी गेल्या. मुलगी मिसबा दारात उभी होती. डोळे कोरडे, चेहरा दगडासारखा.

"अब्बा शिडीवर एकटे कधीच चढायचे नाहीत, मॅडम. खाली धरायला माणूस असल्याशिवाय पाय ठेवायचे नाहीत."

"शिडी बांधायची त्यांची काही पद्धत होती?"

"दोन पीळ, कडी आत. आम्ही हसायचो. आणखी एकालाच जमायचं ते. अभिनवदादाला. अब्बांनीच शिकवलं." तिचा आवाज पहिल्यांदा हलला. "अमरावतीहून आला तेव्हा त्याचं इथं कुणी नव्हतं. चार वर्षं रविवारी आमच्याकडेच जेवतो. काल मयतीला खांदाही त्यानेच दिला."

अभिनव देशमुख कर्वेनगरच्या त्याच कॉलेजच्या प्रयोगशाळेत सापडला. दाढी वाढलेली, डोळे सुजलेले. त्याने स्वतःहूनच संशोधन समजावून सांगितलं. ड्रोनने पुलाचे फोटो काढायचे, संगणकाने ते तपासून पुलाची प्रकृती सांगायची. शुक्रवारी त्याच्या पीएचडीची शेवटची परीक्षा होती.

"या पुलाचा अहवाल?"

"कालच पाठवला. उत्तम स्थिती. फोटो परवाचे, सोमवारचे. हे बघा, तिसरा खांब."

पडद्यावर खांब दिसला. एकही गोल नाही. खाली काठापासून काठापर्यंत नदी हिरवीगार.

"सोमवारचेच ना?"

"हो, मॅडम."

"मंगळवारी पुलाकडे गेला होतात?"

"नाही. खोलीवर अहवाल लिहीत होतो."

उल्कांनी खुर्ची पुढे ओढली.

"अभिनव, हवालदाराला वाटलं, काम सुरू होण्याआधीच अय्युबभाई घसरले. मग त्यांच्या बोटांना खडू कुठून आला? ते वर चढले होते. तीन गोल काढले होते. कुणीतरी ते पुसले, पण पुसताना खांबावरची धूळही गेली. पडलेला माणूस शिडी मिटून ठेवत नाही, तेव्हा शिडीही गोल पुसणाऱ्यानेच मिटली. आणि हात सवयीने चालला. दोन पीळ, कडी आत. हे दोघांनाच येत होतं, त्यातला एक दगडांवर पडला होता."

"याने काय सिद्ध होतं?" तो पुटपुटला.

"फोटोत नदी हिरवी आहे. जलपर्णी शनिवारीच काढली. हे फोटो सोमवारचे नाहीत, जुने आहेत. सोमवारच्या फोटोंत असं काय होतं, जे लपवावं लागलं?"

अभिनवने पडद्यावरचा फोटो बंद केला.

"सोमवारीही गोल काढले होते त्यांनी," तो म्हणाला. "दोन. माझा संगणक उत्तम म्हणत होता, कारण वरून काहीच दिसत नव्हतं. आतली सळई गंजलीय, हे फोटोला कसं कळणार? मी म्हटलं, पुन्हा ठोकून बघा. मंगळवारी आम्ही गेलो. तिसराही निघाला. मी फक्त शुक्रवारपर्यंत थांबा म्हणत होतो. ते म्हणाले, शाळेच्या बसेस शुक्रवारपर्यंत थांबतील का?"

"मग?"

"मी शिडी धरली होती." त्याने स्वतःच्या तळहातांकडे पाहिलं. "ढकललं नाही हो मी. राग आला आणि हात सोडले. वळून चालायला लागलो. मागे आवाज आला."

"ते लगेच गेले नाहीत, अभिनव. डॉक्टर म्हणतात, निदान तासभर जिवंत होते. फोन वीस पावलांवर होता."

त्याने मान खाली घातली. "त्याच शिडीवर चढून मी गोल पुसले. ते खालून बघत होते."

"काही बोलले?"

"म्हणाले, 'अभि, माझं राहू दे. आधी गाड्या थांबव.'" मग तो हुंदके देऊ लागला आणि बराच वेळ थांबला नाही.

उल्कांनी त्याला हवालदाराच्या ताब्यात दिलं. बाहेर येऊन पहिला फोन जयसिंगला लावला. त्याने एकही प्रश्न विचारला नाही. तासाभरात पुलाच्या दोन्ही तोंडांना आडवे अडथळे लागले. मग त्याने स्वतः शिडी लावून हातोडी मारली. तिन्ही जागा बद्द वाजल्या.

संध्याकाळी उल्का पुन्हा तांबोळींच्या दारात उभ्या राहिल्या. वाटेत त्यांनी ठरवलं होतं, तो एक तास सांगायचा नाही. पण मिसबाने समोर बसून सरळ विचारलं, आणि त्यांना खोटं बोलता येईना. त्यांनी सगळं सांगितलं. अभिनवचं नाव ऐकताच तिने डोळे मिटले. शेवटचे शब्द ऐकून मात्र उघडले.

"गाड्या थांबल्या?"

"थांबल्या."

दोन दिवस दगडासारखी बसलेली ती पोर तेव्हा रडली.