गल्लीकडचं गेट

बसा. काँक्रीटची गाडी काही तासाभरात येत नाही आता, आणि ती आल्याशिवाय तुम्हाला घरी सोडणारा मी कोण? मघाशी तुम्ही पोरं जिन्याजवळची ती मागची वाट नकाशातून काढून टाकू म्हणत होतात, ते मी ऐकलं. सुपरवायझरचे केस पांढरे झाले म्हणून कान जात नाहीत. तेव्हा ऐका. मी स्वतः पाहिलेलं नाही, पण ज्यांनी पाहिलं त्या साहेबांच्या हाताखाली मी बारा वर्षं काढली. त्या माणसाने आयुष्यात कधी थाप मारली नाही. एकदाच मारायला निघाले होते, त्याचीच ही गोष्ट.

साहेब आर्किटेक्ट. आम्ही पाठीमागे त्यांना झाडोबा म्हणायचो. एका कंपनीचं सहामजली ऑफिस त्यांनी बांधलं. मजल्यामजल्यावर माती, झाडं, गच्चीवर भाजीचे वाफे, खाली पावसाच्या पाण्याची टाकी. वीज इतकी कमी लागायची की मीटर बंद पडला की काय, हे बघायला वीजवाल्यांनी माणूस पाठवला होता.

ती जागा आधी मोकळं मैदान होती. मागे गल्ली, पुढे मोठा रस्ता, रस्त्यापलीकडे दवाखाना. मैदानातून गेलं तर गल्लीतला माणूस चार मिनिटांत दवाखान्यात. वळसा घालून पंचवीस. त्यामुळे बांधकामाला गल्ली अडून बसली. साहेब त्यांच्यात जाऊन बसले आणि म्हणाले, इमारतीच्या पोटातून वाट ठेवतो, दिवसरात्र उघडी. शब्द दिला, नकाशात तसं लिहिलंही. वाटेच्या दोन्ही बाजूंना वेलींच्या भिंती केल्या, आणि वीज वाचावी म्हणून दिवे असे लावले की माणूस चालेल तसा पुढचा लागतो आणि मागचा विझतो.

वर्षभरात कंपनीचे दोन लॅपटॉप चोरीला गेले. झालं. वाटेच्या मधोमध लोखंडी गेट आलं, रात्री नऊला कुलूप. साहेबांनी कुरकुर केली आणि मग सही केली. पुढची इमारतही त्याच कंपनीची मिळायची होती.

गेट लागून आठवडा झाला असेल. ऑगस्ट महिना. गल्लीतल्या शिंप्याच्या बायकोला रात्री कळा सुरू झाल्या. शिंपी रिक्षा शोधायला धावला. त्याला यायला उशीर झाला आणि कळा थांबेनात, तेव्हा ती एकटीच निघाली, भिंत धरून धरून. महिनाभर ती घराबाहेर पडली नव्हती. गेटचं तिला ठाऊक नव्हतं. वॉचमन पुढच्या दारात, त्याला काही ऐकू आलं नाही. सकाळी झाडूवालीला ती गेटला टेकून बसलेली दिसली. ती गेली, बाळही गेलं.

साहेब भेटायला गेले नाहीत. कुठल्या तोंडाने जाणार?

नोव्हेंबरात त्याच इमारतीचं नाव मोठ्या पुरस्कारासाठी निघालं. निसर्ग आणि शेजार, दोन्ही सांभाळणारी इमारत म्हणून. समिती वीस तारखेला सकाळी दहाला बघायला येणार होती. कंपनी म्हणाली, एका दिवसापुरतं गेट काढा, समिती गेली की परत लावू. साहेब हो म्हणाले.

एकोणीस नोव्हेंबर, बुधवार. गल्ली झोपल्यावर वेल्डर आला. त्याने बिजागऱ्या कापल्या, त्याने आणि साहेबांनी मिळून गेट हातगाडीवर घातलं आणि तळघरात नेऊन ठेवलं. वेल्डर घरी गेला. साहेब एकटेच मागे थांबले, खांबांवर राहिलेल्या खुणांना हिरवा रंग लावत.

एक वाजून दहा मिनिटांनी गल्लीच्या टोकाचा दिवा लागला.

कुणीतरी येतंय म्हणून साहेब मागे सरले. रंगाचा डबा वेलीआड ठेवला. दुसरा दिवा लागला, पहिला विझला. दिव्याखाली कुणी नव्हतं.

मांजर असेल...

तिसरा. बराच वेळ तिसराच. कुणी दम खात उभं राहावं तसा. मग चौथा.

भिंतीवरची वेल दबत होती. कमरेच्या उंचीला. थोडं पुढे. आणखी थोडं पुढे...

साहेबांच्या समोरचा दिवा लागला. तीन हातांवर. तिथेच थांबला.

आणि गेट वाजलं.

गेट तळघरात होतं, पोरांनो. समोर नुसती हवा. त्या हवेत लोखंड वाजलं. खड... खड... हातात जोर नसलेल्या माणसाने हलवावं तसं. थांबलं. पुन्हा...

साहेब म्हणाले, "उघडं आहे, बाई. या."

खड...

"गेट काढलंय. या तुम्ही."

...

आता आवाज खालून यायला लागला. जमिनीलगत. बसून हलवावं तसा.

साहेबांनी पुढे होऊन हात घातला. काही लागलं नाही. ते त्या बाजूला गेले. परत आले. पुन्हा गेले. वाट उघडी होती. त्यांच्यासाठी होती.

"सही माझी आहे," ते म्हणाले. "मी केलं हे."

आवाज थांबला. दिवा मात्र पहाटेपर्यंत विझला नाही. साहेब त्याच्या शेजारी बसून राहिले. मला हे सांगताना ते रडले, आणि मी कुठे बघावं ते मला कळेना.

सकाळी समिती आली तेव्हा मी तिथे होतो. कंपनीची माणसं कौतुक सांगत होती. साहेबांनी मध्येच सगळं सांगून टाकलं. गेट कुठे आहे, कुणाच्या सहीने लागलं, कोण मेलं. पुरस्कार गेला, पुढची इमारत गेली. मग ते शिंप्याकडे गेले. शिंप्याने उंबऱ्यावरच ऐकून घेतलं आणि दार लावलं. मला साहेबांचा तेव्हा फार राग आला होता. वाईटही फार वाटलं, अजून वाटतं.

गेट परत लावायची मात्र कुणाची छाती झाली नाही. ते भंगारात गेलं, खांबसुद्धा उपटले. अकरा वर्षं झाली, वाट दिवसरात्र उघडी आहे.

परवाच जाऊन आलो. झाडांचा पाचोळा वाऱ्याबरोबर गल्लीकडून पळत येतो... आणि मध्येच थांबतो. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, पट्टीने आखावं तसा सरळ. पलीकडे एक पान नाही. झाडूवाली रोज सकाळी भरून नेते, दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथेच. मी पायाने एक पान ढकलून पाहिलं, ते गेलं.

वाऱ्याने जात नाही.