डावीकडच्या दोन गाठी

टिबुकलीचं घरटं उघडं पडलं होतं. चार अंड्यांपैकी तीन फुटलेली, चौथं नाहीसं. बांधावरच्या झाडावर दोन कावळे बसले होते आणि त्यांना कसलीच घाई नव्हती.

रविवारच्या पक्षीगणनेला सगळ्यांच्या आधी हजर व्हायची सिस्टरची सवय. ती निवृत्त परिचारिका, आता निसर्ग मंडळाची चिटणीस. मंडळाने तीन वर्षं गाळ उपसून हे तळं जिवंत केलं, तेव्हा कुठे यंदा टिबुकली या छोट्या पाणपक्ष्याची पहिली जोडी आली होती. घरट्यासमोर पाणकणसाचा दाट पडदा होता. त्यातल्या पात्यांच्या दोन जुड्या कोणीतरी बाजूला वाकवून सुतळीने बांधल्या होत्या.

सुतळी म्हटलं की माळी. तिने त्याला तिथेच गाठलं.

"सुतळी तुमची?"

"माझीच. शेडमध्ये खुंटीला असते."

"काल किती वाजेपर्यंत होतात?"

"पाच."

"मग हे कोणी बांधलं?"

"मी नाही बांधलं," एवढंच म्हणून माळी पायांकडे बघत राहिला.

गप्प बसतोय म्हणजे पाणी मुरतंय, असं सिस्टरने धरलं. घरी येऊन तिने तडकाफडकी अहवाल लिहिला: जलपर्णी काढायला होडी न्यायची म्हणून माळ्याने पाती बांधली, आणि तशीच सोडली. चार वाजता सभा होती. अहवाल मंजूर झाला की माळ्याचं काम सुटणार होतं.

मंडळाचे अध्यक्ष म्हणजे तिचे थोरले भाऊ, दादा. राहायला तिच्याकडेच. प्रदर्शनातले निम्मे फोटो त्यांचे, आणि फोटोसाठी पानालाही हात लावायचा नाही हा नियमही त्यांचाच. चहा घेता घेता त्यांनी अहवाल ऐकला आणि "ठीक आहे" म्हणाले. बशीतली उजवीकडची दोन बिस्किटं संपली होती, डावीकडची दोन तशीच.

"ती काय पाहुण्यांसाठी राखलीस?" सिस्टरने बशी फिरवून दिली. वर्षभरात हे तिच्या अंगवळणी पडलं होतं. एरवी दादा हसायचे. आज त्यांनी बशी सरकवून दिली.

दुपारी ती पुराव्याचे फोटो काढायला पुन्हा तळ्यावर गेली. फाटकाच्या डाव्या खांबाला माळ्याने गोणपाट गुंडाळून ठेवलं होतं. याचे उद्योग काही कळत नाहीत, असं पुटपुटत ती आत शिरली.

घरटं जिथून समोर दिसतं, बरोबर तिथे ती पाण्यात उभी राहिली. डावीकडे त्या दोन जुड्या. मग तिने उजवीकडे पाहिलं. तिकडची पाती सरळ उभी होती, पण तीन ठिकाणी त्यांच्यावर सुतळीचे वळ होते. म्हणजे गाठी पाच होत्या. तीन सोडल्या, दोन राहिल्या.

तिला बशी आठवली. बराच वेळ तिच्याने पाण्यातून बाहेर पडवलं नाही.

सभेला सात सभासद होते. दादा अध्यक्षांच्या खुर्चीत, माळी दाराशी उभा. सिस्टरने अहवाल उघडलाच नाही.

"हे माळ्याचं काम नाही," ती म्हणाली. "त्यांना वाट हवी असती तर विळा चालवला असता, सुतळी कशाला? पाती बांधली ती घरटं नीट दिसावं म्हणून. माळी गेल्यावर, फोटोसाठी. आणि बांधणाऱ्याने फोटो झाल्यावर सोडलीसुद्धा. उजवीकडच्या तीन गाठी, एकही पातं न मोडता. घरट्याची इतकी काळजी असलेला माणूस डावीकडच्या दोन तशाच का ठेवेल?"

तिने न उघडलेला अहवाल बाजूला सारला.

"बांधताना तो एकेका जुडीसमोर उभा होता, पण निघताना मधून पाहिलं तेव्हा डावीकडच्या त्या त्याला दिसल्याच नाहीत. गेल्या वर्षी दादाला मेंदूचा लहानसा झटका येऊन गेला. तेव्हापासून त्याला डावीकडचं दिसत नाही. ताटातलंसुद्धा. मला हे माहीत होतं. कॅमेरा सुटला तर तो खचेल म्हणून मी तुमच्यापासून लपवलं. डावीकडची वाट उघडी राहिली आणि कावळे तिथूनच आत गेले."

सगळे दादांकडे बघत होते. दादा टेबलाकडे.

"नीट बघून निघालो होतो गं मी," ते अखेर म्हणाले. "पण सकाळी तू अहवाल वाचलास, तेव्हा मला कळलं होतं. तरी मी ठीक आहे म्हणालो. निस्तरायला माळ्याला पुढे केलं."

सिस्टर माळ्यासमोर जाऊन उभी राहिली. शरमेने तिला मान वर करवेना. तिने त्याची माफी मागितली आणि विचारलं, तुम्हाला काहीच अंदाज नव्हता का?

"होता," माळी म्हणाला. "साहेब आत येताना रोज डाव्या खांबाला खांदा आपटून घ्यायचे. म्हणून तर गोणपाट बांधलं."

"मग सकाळी बोलला का नाहीत?"

"तुम्ही घरच्या. तुम्ही कोणाला सांगितलं नव्हतं, सिस्टर. मग मी कसं सांगणार?"

सभेचं इतिवृत्त लिहिणं चिटणिसाचं काम. घरटं कोणामुळे गेलं, या नोंदीत तिने आधी स्वतःचं नाव लिहिलं आणि मग दादांचं.