जसं दिसतं तसं

"ऊठ बघू त्या डब्यावरून!" दुरुस्तीवाले काका स्क्रूड्रायव्हर हलवत म्हणाले.

"नाही उठणार!" कॉम्प्युटरच्या आडव्या ठेवलेल्या डब्यावर बटण नावाची चिमुरडी ठाण मांडून बसली होती. वय वर्षं आठ, पण आवाज अठरा जणांचा. "माझा पाय झोपलाय!"

"मग उठव त्याला!"

"तो उशिरा उठतो!"

ठकूच्या बाबांनी कपाळाला हात लावला. काकांनी घड्याळ पाहिलं. "बरं, समोरच्या दवाखान्यातला प्रिंटर बघून येतो. अर्धा तास! मग मात्र जुनी डिस्क काढणार, नवी बसवणार. जुनी जाईल भंगारात."

ते गेले. बाबा फोनवर बोलत गॅलरीत गेले. बटण टुणकन उठली.

"अर्धा तास मिळवून दिला! आता दाखवा काय ती हुशारी!"

हे ती आपल्या भावाला आणि मामेबहिणीला म्हणत होती. भाऊ म्हणजे प्रोफेसर. तेरा वर्षांचा, नाकावरून चष्मा घसरायचा आणि तोंडातून प्रश्न. मामेबहीण म्हणजे बारा वर्षांची ठकू. सुट्टी लागली आणि दोघं भावंडं ठकूकडे राहायला आली, कारण ठकूची आई तीन महिन्यांपूर्वी गेली होती.

ठकू रडली नव्हती. दात काढताना डॉक्टर इंजेक्शन देतात, मग गाल आपलाच असतो पण चावला तरी कळत नाही. तिचं सगळंच तसं झालं होतं. जेवण, शाळा, सुट्टी, सगळं ठीक होतं. ठीक म्हणजे काहीच नाही.

कॉम्प्युटर आईचा होता. लोकांची हाताने लिहिलेली पुस्तकं ती मराठीत टाइप करून द्यायची. टाइप झालेलं पान मोठ्यांदा वाचून रेकॉर्ड करायची, स्वल्पविराम-पूर्णविरामासकट. दुसऱ्या दिवशी ते ऐकत मूळ कागदाशी ताडून बघायची. असं दोन वर्षांचं वाचन त्या डिस्कमध्ये होतं. फोटो खूप होते, पण फोटोतली आई बोलत नव्हती. आणि ठकूला आईचा आवाज आठवेनासा झाला होता. हे तिने कुणालाच सांगितलं नव्हतं.

"पुन्हा वाच," प्रोफेसर म्हणाला.

ठकूने आईची वही उघडली. बाबांसाठी लिहिलेलं होतं: 'मशीन सुरू होतानाचा पासवर्ड : दुपार. डिस्कलाही तोच. जसं दिसतं तसं दाबायचं.'

"काकांनी सगळं करून पाहिलं," ठकू सपाट आवाजात म्हणाली. "इंग्रजी स्पेलिंग एका 'ए'चं, दोन 'ए'चं, सगळं कॅपिटल. आतली बॅटरी काढून पहिलं कुलूप घालवलं. पण डिस्कचं कुलूप डिस्कमध्येच असतं. ती दुसऱ्या मशीनला लावली तरी उघडली नाही. म्हणाले, तुझ्या आईने चुकीचं लिहिलंय."

"मामी आणि चुकीचं?" प्रोफेसर म्हणाला. "मी पाठवलेल्या वाढदिवसाच्या कार्डावरचा ऱ्हस्व सुधारून तिने ते परत पाठवलं होतं! पण 'जसं दिसतं तसं' म्हणजे? कुठे दिसतं?"

तिघांनी कीबोर्डकडे पाहिलं. कोरा, काळा, चकचकीत. फक्त इंग्रजी अक्षरं.

"हा नवा आहे!" ठकू म्हणाली. "बाबा! आईचा कीबोर्ड कुठाय?"

"माळ्यावर टाकला," गॅलरीतून उत्तर आलं. "किती कळकट झाला होता तो!"

"मामा!!" दोन आवाज एकदम ओरडले.

प्रोफेसर स्टुलावर चढला, दोनदा शिंकला आणि कीबोर्ड घेऊन उतरला. प्रत्येक कीवर पिवळट चिकटपट्टी, आणि तिच्यावर मराठी अक्षर!

"कळलं!" त्याचा चष्मा पार ओठांवर आला. "मशीन सुरू होताना त्याला मराठी येतच नाही! मामीने ह्या पट्ट्या बघून 'दुपार' दाबलं, आणि मशीनने खालची इंग्रजी अक्षरं धरली! 'द'खाली ओ. उकाराखाली जी. 'प'खाली एच..."

"पुढे?"

"पुढचं झिजलंय. काना आणि 'र'. कोऱ्या झाल्यात पट्ट्या."

"झिजणारच! तीच तर सारखी लागतात," बटण म्हणाली. "आता? दहाच मिनिटं उरलीत!"

ठकू खुर्चीत बसली. डोळे मिटून तिने बोटं ठेवली, आई ठेवायची तशी. 'र' घरी असतो, आई सांगायची; उजवी तर्जनी जिथे टेकते त्या उंचवट्यावर. आणि काना डाव्या मधल्या बोटाने, वरच्या ओळीत. तिला काहीच वाटत नव्हतं. बोटांना मात्र माहीत होतं.

प्रोफेसरने वायर जोडली. डिस्कने पासवर्ड मागितला.

"ओ, जी, एच, ई, जे," ठकूची बोटं पडतील तसं त्याने वाचलं. "ह्याचा उच्चार करायला जीभ भाड्याने आणावी लागेल!"

कुलूप उघडलं! आणि पडदा काळा झाला. 'सुरू करण्याजोगं काही सापडलं नाही.'

"बिघडवलंत ना?" दारातून काका ओरडले. मागे बाबाही आले.

"काका, तुम्ही बॅटरी काढलीत," ठकू वळूनही न बघता म्हणाली. "तेव्हा मशीनने कुठून सुरू व्हायचं, तो आईने लावलेला क्रमही पुसला गेला. ते आता भलतीकडेच शोधतंय."

तिने पुन्हा सुरू करून सेटिंगचं पान उघडलं. तारीख कितीतरी वर्षं मागे गेली होती. ती नीट केली. 'आधी कुठून सुरू व्हायचं' तिथे डिस्क वर सरकवली. जतन करा. बाहेर पडा. पुन्हा ओ, जी, एच, ई, जे.

आईचा निळा पडदा आला!

काकांनी स्क्रूड्रायव्हर खिशात घातला. "वीस वर्षं हे काम करतोय. एवढं डोक्यात आलं नाही. शाबास रे पोरांनो! आणि ती बाई बरोबर होती, मीच चुकलो."

"मी पण," बाबा म्हणाले. त्यांनी कीबोर्डवरची धूळ सदऱ्याने पुसली. "मला वाटलं, जुनं आवरलं की सोपं जाईल. ठकू, तू होतीस म्हणून वाचलं गं हे."

ठकूने मान हलवली. एक फाइल उघडली.

"...तरीही तो थांबला नाही, पूर्णविराम. नवा परिच्छेद," आई म्हणाली.

रेकॉर्डिंगमध्येच घंटी वाजली. "ठकू, बघ गं कोण आलंय!"

"आले!" म्हणत ठकू उठली आणि जाऊन दार उघडलं.

बाहेर कुणी नव्हतं. जिना रिकामा होता. ती कडी धरून उभी राहिली. गालावरून काहीतरी ओघळत होतं, गरम. मागे खोलीत आई पुढचा परिच्छेद वाचत होती.

ठकूने दार लावलं, परत येऊन खुर्ची पुढे ओढली आणि आवाज थोडा मोठा केला.