खंडेरावांचा उजवा पाय

द्वारका चौकात रिक्षा आडवी आली आणि शहर बसच्या ड्रायव्हरने ब्रेक दाबायच्या आधी तो खंडेरावांनी दाबला. आता खंडेराव बसले होते मागे, तिसऱ्या सीटवर. तिथे त्यांच्या पायाखाली ब्रेक कुठला असणार? होती ती शेजारच्या बाईंची कोरी करकरीत लाल ट्रॉली बॅग. काडकन आवाज झाला! एवढा, की टायर फुटला म्हणून अर्धी बस खाली वाकून बघायला लागली.

“अगं बाई! माझं चाक!”

“माफ करा... ते... ब्रेक मारला मी.”

“तुम्ही?” बाईंनी त्यांना निरखलं. पांढऱ्या मिशा, कडक इस्त्रीचा शर्ट, कपाळावर घाम आणि अजूनही बॅगेत रुतलेला उजवा पाय. बाईंच्या डोळ्यांत हळूच हसू आलं. “कोणता डेपो?”

खंडेराव चपापले. “कळवण. रिटायर झालो. तुम्हाला कसं कळलं?”

“मी नाशिक डेपोची. कंडक्टर, मंगलाबाई. मीही रिटायरच. आता पाय उचला ड्रायव्हरसाहेब, गाडी थांबली.”

खंडेराव म्हणजे एके काळी घाटाचा राजा माणूस. सापुताऱ्याच्या घाटात धुकं दाटलं की खिडकीतून हात काढून ते पडद्यासारखं बाजूला सारायचे, आणि रस्त्यात बसलेला बिबट्या त्यांचा हॉर्न ओळखून शेपटी आवरून घ्यायचा, असं कळवण स्टँडवर आजही सांगतात. पण स्टेअरिंग दुसऱ्याच्या हातात गेलं की या राजाचे तळवे गार पडत. त्या दिवशी मोपेड गॅरेजात नसती, तर ते बसमध्ये चढलेच नसते.

मोडलेली बॅग खांद्यावर घेऊन ते मंगलाबाईंसोबत भद्रकालीतल्या दुरुस्तीवाल्याकडे गेले. चाक बसेपर्यंत समोरच्या टपरीवर चहा झाला.

“कुठं निघालात एवढी मोठी बॅग घेऊन?”

“मनालीला, मे महिन्यात. जन्मभर दुसऱ्यांची तिकिटं फाडली, आता एक स्वतःचं. ओझरहून विमानानं दिल्ली, पुढे बस. माझी मैत्रीण येणार होती, साळूबाई. तिच्या गुडघ्यांनी दगा दिला.” मंगलाबाईंनी बशीत फुंकर घातली. वाफेआडून एक नजर आली, आली आणि गेली. “आता शेजारची सीट रिकामी आहे...”

“मी येतो की!” खंडेराव म्हणाले.

पायाला एवढे ब्रेक, जिभेला एकही नाही!

खरी भीती सुरू झाली ती तिथून. सहलवाल्या रविराजने “काका, विंडो सीट देऊ का?” विचारलं, तेव्हा यांनी दोन्ही हातांनी खुर्ची घट्ट धरली. शरणपूर रोडला तिबेटी लोकांच्या स्टॉलवर मंगलाबाईंनी यांच्या डोक्यावर माकडटोपी चढवली, गालाजवळची गाठ स्वतः बांधली, “छान दिसता हो!” म्हणाल्या. खंडेरावांना एकाच वेळी गुदगुल्या झाल्या आणि वाटलं, आपल्याला हे शेवटच्या प्रवासाला सजवतायत. घरी डिंकाचे लाडू डब्यात भरताना ते देवापुढे हात जोडून म्हणत, सहल रद्द होऊ दे. मग गालाजवळची ती गाठ आठवून घाईघाईने म्हणत, नको, राहू दे.

शेवटी निमाणीच्या स्टँडवर त्यांनी सांगून टाकलं. “मंगलाबाई, माझ्याच्यानं नाय व्हायचं. मी लय भितो.”

हसतील असं वाटलं होतं. त्या हसल्या नाहीत. “कशाला भिता?”

“ड्रायव्हरला. मला माहितीय ना, स्टेअरिंगवरचा माणूस डोक्यात काय काय घेऊन बसतो! कांद्याचा भाव, पोरीचं लग्न, घरातलं भांडण... मी होतो तवा मला माझी खात्री होती. दुसऱ्याची कशी धरू?”

मंगलाबाई समोरच्या नाशिकरोडच्या गाडीकडे बोट दाखवून म्हणाल्या, “चढा.”

आणि शिकवणी सुरू झाली. आधी पहिल्या सीटवर, ड्रायव्हरची मान दिसेल अशी. मग रोज एकेक सीट मागे. गाडी सुटताना मंगलाबाई बोटातली अंगठी समोरच्या दांडीवर दोनदा वाजवत, टण् टण्. डबल बेल!

“आपल्याकडं डबल बेल म्हणजे काय?” त्या विचारत.

“गाडी सोडा. दार लागलं, माणसं बसली, मागं सगळं ठीक.”

“मग? मी सांगतेय ना, मागं सगळं ठीक.”

आणि वळणावर खंडेरावांचा उजवा पाय ताठला, की मंगलाबाई आपली चप्पल काढून डावा पाय हळूच त्याच्यावर ठेवत. बघत मात्र खिडकीबाहेर. खंडेरावांना तेव्हा कळायचं नाही, की काळीज धडधडतंय ते वळणामुळे की पायामुळे.

शेवटच्या सीटपर्यंत पोचले आणि मे उजाडला.

ओझरला विमानाच्या शिडीपाशी खंडेराव थांबले. पाय जमिनीत पुरल्यासारखा. मागची माणसं त्यांना वळसा घालून चढायला लागली.

“तुम्ही जा. यात... यात ड्रायव्हरची मानसुद्धा दिसत नाय.”

मंगलाबाई एक पायरी वर होत्या. त्यांनी आपला हात यांच्या हातात दिला. तळवा घामाने भिजला होता.

“तुम्हाला वाटलं, मी भीत नाही? जन्मभर ड्रायव्हरकडं पाठ करून उभी राहिले, खंडेराव. पुढचा रस्ता मी कधी बघितलाच नाही. पुढं कुणीतरी आपलं माणूस बसलंय, एवढ्या भरवशावर तिकिटं फाडली.” आवाज बारीक झाला. “आज पुढं कोण आहे मला माहीत नाही. निदान शेजारी तरी... नाही आलात तरी मी जाणार. पण रिकाम्या सीटशेजारी बसून जाईन.”

खंडेरावांनी देवाचं नाव घेतलं आणि पाय उचलला.

पट्टे बांधले, दार लागलं. विमान धावपट्टीच्या तोंडाशी जाऊन उभं राहिलं. उभंच राहिलं. खंडेरावांच्या कानात शिट्ट्या वाजायला लागल्या.

“का थांबलंय? काय बिघडलंय?”

“बेल दिली कुठंय अजून?” मंगलाबाई म्हणाल्या. ओठ पांढरे पडले होते, पण कोपऱ्यात तेच हसू. त्यांनी अंगठी पट्ट्याच्या बकलावर वाजवली. टण् टण्!

आणि खरं सांगायचं तर, त्याच क्षणी विमान सुटलं. पायलटला ऐकू गेली असणार. एसटीच्या बाईची बेल ती!

जमीन सुटली तसा खंडेरावांचा पाय ताठला. त्यावर तो ओळखीचा पाय येऊन टेकला. खाली द्राक्षांचे मळे, शेततळी, मुंबई-आग्रा रस्त्यावरच्या गाड्या बारीक होत गेल्या... आणि कधीतरी, कुणाला न कळता, उजवा पाय सैल पडला.

मंगलाबाईंना ते जाणवलं. त्या आपला पाय हळूच काढून घेऊ लागल्या.

“राहू द्या,” खंडेराव म्हणाले.

“आता कशाला? ब्रेक सुटला की तुमचा.”

“म्हणूनच म्हणतोय...” खंडेराव समोरच्या सीटकडे बघत, मिशीत पुटपुटले. “भितो म्हणून नाय. परत आल्यावर बी राहू द्या. रोज.”

मंगलाबाईंनी खिडकीबाहेर पाहिलं. मग अंगठी बकलावर वाजली.

टण् टण्.