कळीची चव

"ओडील, झाडाची कळी फुगली की रसाला तिची कडू चव लागते. ज्या दिवशी लागली, त्याच दिवशी बादल्या उतरवायच्या. उद्यावर ढकलायचं नाही."

आत्याचा हा आवाज ओडीलनं सातव्या वर्षी ऐकला होता, कॅनडातल्या क्युबेकमधल्या त्यांच्या मेपलच्या रानात, खोडांना टांगलेल्या बादल्यांत रस गळत असताना, गुडघाभर बर्फात उभं राहून. आता आत्या नव्हती. बाबांची जीभ पाइपच्या धुरानं कधीच मेलेली. रस कधी थांबवायचा, ते ओडीलनंच सांगायचं.

आन्सेल्म मार्चमध्ये आला तो वाट चुकून. रस आटवून पाक करायच्या खोपटाजवळ त्याची गाडी बर्फात रुतली.

"फावडं मिळेल का?" त्यानं दारातून विचारलं.

"मिळेल. आधी ती बादली आणून द्या, माझे हात अडकलेत."

त्यानं बादली उचलली, बोट बुडवून चाटलं... "हे तर पाणीच आहे."

"अशा चाळीस आटवा, मग एक बादली पाक. मग बोला."

फावडं मिळालं, पण तो गेला नाही. बाबांना कामाला माणूस हवाच होता. तोही म्हणाला, "रस थांबेपर्यंत राहतो. मग भावाच्या होडीवर, समुद्रात शेवंड धरायला."

रात्री गोठायचं, दिवसा वितळायचं, आणि रस थेंब थेंब गळत राहायचा. काहिलीत फेस चढला की ओडील लोण्याचा एवढासा गोळा टाकायची. फेस गपकन खाली बसायचा.

"मी चिडलो तर मलाही लोणी लावशील?"

"तू चिडतोस कुठे? नुसता बघत बसतोस."

"पाक उतू जाईल ना, म्हणून."

"पाक तिकडे आहे, आन्सेल्म."

तो हसला. गरम पाकाची धार त्यानं ताज्या बर्फावर सोडली, ती थिजताच काडीला गुंडाळली आणि ओडीलपुढे धरली. तिच्या पापण्यांवर वाफेचे थेंब होते... काडी घेताना बोटं जराशी जास्तच रेंगाळली.

एका मंगळवारी सकाळी तिनं डावातला रस चाखला. गोडामागून एक हिरवा कडवटपणा आला, कोवळा देठ चावल्यासारखा. बाहेर फांद्यांची टोकं फुगलेल्या कळ्यांनी लालसर झाली होती.

"काय म्हणतो रस?" बाबांनी विचारलं.

"गोड आहे, बाबा."

बुधवारी तेच उत्तर. गुरुवारीही. आन्सेल्मनं बुधवारी डाव ओठाला लावला, तिच्याकडे पाहिलं – आणि चुलीत लाकूड सारलं.

शुक्रवारी बाबा पाकाचं पिंप विकायला न्यायच्या गाडीकडे ढकलू लागले. पिंपावर चुन्यानं त्यांच्या घराचं नाव लिहिलेलं.

"बाबा, ते पाठवू नका. कडू आहे. मंगळवारपासून."

बाबांनी तिच्याकडे पाहिलं, मग आन्सेल्मकडे. पाइप खिशात घातला. "मी बादल्या उतरवायला घेतो," म्हणाले, आणि रानात गेले.

काहिलीखालचा जाळ मंदावत होता.

"मला बुधवारीच कळलं होतं," आन्सेल्म म्हणाला.

"मग बोलला का नाहीस?"

"इथे चव तुझीच जीभ ठरवते." त्यानं निखारे सारले. "तू का नाही बोललीस?"

ओडीलनं डाव खाली ठेवला. हात एप्रनला पुसले – ते कोरडेच होते.

"तुला जाऊ नकोस म्हणायचं होतं," ती म्हणाली. "ते तोंडातून निघेना... म्हणून रसाला गोड म्हणत राहिले."