सहा सेकंदांची आई

काम अगदी साधं होतं, तास-दीड तासाचं. ताईचे दिवस भरत आले होते आणि तिला बाळासाठी आईच्या आवाजातली अंगाई हवी होती. आईला जाऊन दोन वर्षं झाली होती. तिचा आवाज उरला होता तो फक्त माझ्याकडे, तोही जेमतेम अकरा सेकंदांचा.

माझा धंदा सांगतो, हसू नका. फोनवर तुम्हाला ताटकळत ठेवतात तेव्हा जे वाजत राहतं ना, ते मी बनवतो. सॅम्पलर नावाचं सॉफ्टवेअर असतं. आवाजाचा एक तुकडा कापायचा आणि कीबोर्डच्या एका पट्टीला जोडायचा. पट्टी दाबून ठेवली की तो तुकडा फिरत राहतो, संपतच नाही. सगळी करामत सांध्यात असते. शेवट सुरुवातीला जिथे मिळतो, तिथे ऐकणाऱ्याला काही कळता कामा नये. आई लोकांचे कपडे शिवायची. शिवण जरा दिसली की सगळं उसवून पुन्हा बसायची. हे वेड मी तिच्याकडूनच उचललं.

ती मशीनवर बसलेली असताना मी तिचं गुणगुणणं फोनवर चोरून रेकॉर्ड केलं होतं. सहा सेकंद गुणगुणणं, मग एक लांब श्वास, आणि माझ्याकडे लक्ष गेल्यावर, "पुरे आता, गुंड्या." ते शेवटचं ताईलाही माहीत नव्हतं.

माझ्या खोलीच्या खिडक्यांवर बाहेरचा आवाज येऊ नये म्हणून जाड ब्लँकेटं ठोकलेली आहेत. भर दुपारीही आत अंधार असतो, आणि तापलेल्या यंत्रांचा वास. त्या अंधारात मी आईला कापत बसलो. श्वास सांध्यावर खटकत होता, तो उडवला. पुढचं बोलणंही उडवलं. फाइल सेव्ह केली, बंद केली. पुन्हा उघडली तेव्हा लक्षात आलं. एरवी मी कायम कॉपीवर काम करतो. या वेळी मूळ फाइलच उघडली होती. ज्यावर रेकॉर्ड केलं तो जुना फोन केव्हाच भंगारात गेला होता.

आता आई सहाच सेकंदांची होती.

सांधा नीट जमलाय का ते ऐकायला मी पट्टीवर वजन ठेवलं, तिचीच लोखंडी कात्री. तेवढ्यात भावजींचा फोन आला, "अरे, लगेच ये. हिला हॉस्पिटलमध्ये नेतोय." मी होतो तसाच पळालो.

हॉस्पिटलच्या त्या बाकावर पूर्वीही बसलो होतो. तेव्हा आत यंत्र आईसाठी श्वास घेत होतं. डॉक्टरांनी मला दोनदा विचारलं होतं. दोन्ही वेळा मी म्हटलं, "चालू ठेवा." ताई रडत म्हणाली होती, "जाऊ दे रे तिला." मी ऐकलं नाही. नऊ दिवस ते चालू राहिलं.

या वेळी मात्र दुसऱ्याच दिवशी सकाळी ताईला मुलगी झाली. दोघी सुखरूप होत्या. मी खुशीत घरी आलो आणि जिन्यातच थबकलो. वर कुणीतरी गुणगुणत होतं.

कात्री! मी ती उचललीच नव्हती.

दार उघडलं. आवाज आईचाच होता, पण घोगरा झाला होता. आता बघा, सॅम्पल थकत नसतं. सहा सेकंद हजार वेळा वाजवा, दहा हजार वेळा वाजवा, तेच सहा सेकंद. पडद्यावरची आवाजाची रेघही कालचीच होती. आणि तरी तो आवाज कोरडा पडला होता, ओढत होता, ओझं घेऊन जिने चढणाऱ्या माणसाला कुणी क्षणभरही थांबू देत नसावं तसा.

मी कात्री उचलली. सगळं शांत झालं. आणि मग स्पीकरमधून एक लांब श्वास ऐकू आला... आत ओढलेला. मी कापून टाकलेला.

"आई..." मी म्हटलं.

मला भीतीपेक्षा लाज जास्त वाटली. ती अंगाई द्यायचीच नाही असं ठरवलं होतं, पण ताई ऐकेना. शेवटी मी प्रत्येक फेरीनंतर दोन सेकंदांची शांतता जोडली, तिला दम घेता यावा म्हणून. कात्री ड्रॉवरमध्ये टाकली आणि अंगाई पाठवून दिली.

चौथ्या दिवशी दुपारी ताईचा फोन आला. आवाज दबका होता.

"बाळ झोपलंय... हळू बोल. ते मधलं तू मुद्दाम ठेवलंस का रे?"

"मधलं? कुठलं?"

"आई म्हणते ते. पुरे आता, गुंड्या..."

"ताई, बंद कर ते. आत्ताच्या आत्ता."

तिच्यामागे, लांबून, मला ते घोगरं गुणगुणणं ऐकू येत होतं.

"सकाळीच बंद केलं रे," ती म्हणाली. "स्पीकरची वायरसुद्धा काढून ठेवलीय... म्हणून तर तुला फोन केला. हे थांबवायचं कसं?"

थांबवायचं कसं ते मी कधी शिकलोच नव्हतो.