गाळलेली थरथर

डॉ. रेश्मा मुजावर कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या प्रयोगशाळेत पहिल्यांदाच येत होत्या. भिंतीवर गाड्यांची चित्रं नव्हती, नुसती पेडलं टांगलेली होती, साठेक तरी असतील. भरतेश मगदूमने त्यांना खुर्ची दिली आणि विचारलं, "अण्णांचं काही वाढलंय का?"

भरतेशचे थोरले भाऊ सुकुमारअण्णा चार महिन्यांपासून त्यांचे पेशंट होते. कंपवात.

"नाही, ते हळूहळूच वाढणार. पण काल बोलता बोलता त्यांनी एक गोष्ट सांगितली. सहा वर्षांपूर्वी त्यांची गाडी उचक्या द्यायची म्हणे, आणि तुम्ही ती चार दिवसांत लोण्यासारखी करून दिलीत. फार कौतुकानं सांगत होते. तुम्ही नेमकं काय केलंत?"

भरतेशने हातातलं पेडल खाली ठेवलं.

"आधी पेडलचं सांगावं लागेल. हल्लीच्या गाडीत पाय आणि मोटर यांच्यामध्ये तार नसते. पाय किती दाबला हे पेडलमधला संवेदक मोजतो आणि संगणकाला कळवतो. कंपनीनं तो संगणक मुद्दाम मंद ठेवलेला असतो. तो जरा थांबतो, आधीच्या काही मापांची सरासरी काढतो आणि मग मोटरला हुकूम देतो. घाटात पुढच्या ट्रकला मागं टाकताना ते जरासं थांबणं जीव खातं. मी बनवलेलं यंत्र, त्वरिका, पेडल आणि संगणकाच्या मध्ये बसतं आणि ते थांबणं काढून टाकतं. पाय हलला की गाडी हलली."

"म्हणजे पाय जे जे करील ते सगळं मोटरपर्यंत पोचतं."

"सगळं. तिथंच घोळ झाला."

त्वरिकेचे पहिले गिऱ्हाईक अण्णाच होते. आजऱ्याजवळ त्यांची रोपवाटिका, काजू आणि आंब्याच्या कलमांची. कलमं पोचवायला ते आठवड्यातून तीनदा आंबोलीचा घाट उतरून सावंतवाडीला जात. वर्षभर ते खूश होते. मग एके दिवशी गाडी घेऊन आले. "भरतेश, हिला काय झालंय बघ की. पाय ठेवला की आचके देतीय."

भरतेशने जोडण्या तपासल्या, संवेदक बदलला, स्वतः पन्हाळ्यापर्यंत जाऊन आला. गाडी सरळ पळत होती. अण्णा बसले की पुन्हा आचके. शेवटी त्याने पेडलचा आलेख पडद्यावर घेतला. अण्णांनी पाय स्थिर धरला होता, तरी रेघेवर फणीच्या दातांसारखी बारीक लाट उमटत होती. सेकंदाला पाच.

"ती लाट अण्णांच्या पावलातून येतीय हे मला तेव्हाच दिसलं होतं," भरतेश डॉक्टरांना म्हणाला.

"मग त्यांना काय सांगितलंत?"

"संवेदक जुना झालाय म्हणालो. आणखी सात-आठ गिऱ्हाइकांची तशीच तक्रार होती. लोक त्वरिकेला नावं ठेवायला लागले होते. दोष यंत्राचा असेल तर मला काढता येतो, डॉक्टर. तो पावलाचा आहे म्हटल्यावर मी पुढं विचारच केला नाही. वयोमान असेल म्हटलं."

मग त्याने गाळणी लिहिली. ही गाळणी चालवणाऱ्याचं पाऊल शिकत जाई. मुद्दाम दिलेला दाब कोणता आणि आपोआप होणारी थरथर कोणती, हे ओळखून थरथर तेवढी गाळून टाकी. त्या पावलाच्या नोंदीला त्याने नाव दिलं पाऊलठसा. थरथर वाढली की गाळणीही आपोआप घट्ट होई. गाडी चपळही झाली आणि गुळगुळीतही. त्यानंतर त्वरिका पार बेळगाव-पुण्यापर्यंत गेली.

"ते पाऊलठसे कुठं असतात?" डॉ. मुजावरांनी विचारलं.

"इथंच. प्रत्येक त्वरिका महिन्याला ठसा पाठवते."

अण्णांचे बहात्तर ठसे त्याने एकाखाली एक लावले. वरची लाट केसाएवढी होती, खालची नखाएवढी. डॉ. मुजावर एकेक ठसा मोजत खाली आल्या. कंपवातावरचा नवा रोधक आता कोल्हापुरातही मिळत होता हे भरतेशला ठाऊक होतं. तो अण्णांना का देत नाहीत, हे त्याने एकदा विचारलंही होतं. हालचाल सांभाळणाऱ्या पेशी मेंदूत पुरेशा शिल्लक असतील तरच तो रोग आहे तिथं थांबवतो, गेलेलं परत आणत नाही, असं त्यांनी सांगितलं होतं.

"इथपर्यंत पेशी पुरेशा असाव्यात," म्हणत त्यांनी सव्विसाव्या ठशावर बोट टेकवलं. "रोधक मागच्या वर्षी आला. तेव्हाही त्यांच्या हाताला काही नव्हतं, पण पाय सांगत होता. मला वाटतं तेव्हाही उशीर झालेलाच होता. पण गाळणी नसती, तर सहा वर्षांपूर्वीच ते कुणा डॉक्टरकडे गेले असते. रोधकाच्या चाचण्या तेव्हा मिरजेला चालू होत्या. आम्ही असेच पेशंट शोधत होतो, आणि आम्हाला मिळत नव्हते."

*

दुसऱ्या दिवशी भरतेश आजऱ्याला गेला. अण्णा शेडमध्ये बसून कलम बांधत होते. रोपाच्या खुंटावर कलमाची काडी बसत होती, पण पट्टी गुंडाळताना बोटं भरकटत आणि काडी निसटे.

त्याने सगळं सांगितलं. काही गाळलं नाही.

"तुला तवाच कळलं होतं?" अण्णांनी विचारलं.

"आजार आहे हे कळलं नव्हतं. पायातनं येतंय एवढं कळलं होतं."

"आणि मला संवेदक म्हणालास."

"हो."

अण्णांनी काडी पुन्हा बसवली. ती पुन्हा निसटली. मग त्यांनी खुंट, काडी आणि पट्टी त्याच्यापुढे सरकवली. "बांध."

भरतेशने बांधलं. त्याचं कलम वेडंवाकडं झालं. अण्णांनी ते उलटसुलट बघितलं आणि ओळीत ठेवून दिलं.

"बाकीच्यांचं काय?" ते म्हणाले. "तुझ्या ह्या गाळण्या लावून किती जण फिरत्यात?"

"साडेतीन हजार."

"मग इथं काय करतोयस? जा, त्यांचं बघ. माझ्याशी नंतर बोल."

वहिनी चहा घेऊन आल्या तोवर तो गाडीत बसला होता.

*

ठसे तपासायला तीन आठवडे लागले. डॉ. मुजावर रोज दवाखाना संपवून येत. एक्केचाळीस जणांच्या ठशात वाढती लाट सापडली. भरतेशने प्रत्येकाला स्वतः फोन केला. आपण काय लपवलं ते आधी सांगायचं आणि मग तपासणीला बोलवायचं, असा क्रम त्याने ठरवला होता. काहींनी फोन आदळला. एक बाई शांतपणे म्हणाल्या, "साहेब, माझे मिस्टर मागच्याच वर्षी म्हणत होते, पाय जड वाटतोय. मी म्हटलं, गाडी तर किती छान चालवताय."

शेवटी एक गठ्ठा उरला. गेल्या आठ महिन्यांत विकलेल्या दोनशे साठ त्वरिका. त्या सगळ्यांत अगदी बारीक लाट होती, सेकंदाला पावणेपाच. पहिल्या दिवशी होती, नंतर महिन्याभरात पुसली जात होती.

"दोनशे साठ माणसांना एकाच वेगाचा कंप होणार नाही," डॉ. मुजावर म्हणाल्या. "शिवाय आपोआप बराही होणार नाही. हा तुमच्या यंत्राचा दोष दिसतोय. जुन्या त्वरिकांत होता का?"

"नाही. जुन्यांची रेघ पहिल्या दिवशी सपाट आहे." भरतेशने आलेख मोठा केला. "नवी गाळणी कुणाचंच पाऊल ओळखत नसते. म्हणून इथून जातानाच आम्ही तिच्यात एक नमुना ठसा भरतो. पुढं मालकाचं पाऊल शिकली की ती नमुना विसरते. दिवाळीत नवीन आवृत्ती काढली तेव्हा नमुनाही नवा घेतला."

"कुणाच्या पावलाचा?"

भरतेशने नव्या नमुन्याचा ठसा शेजारी उघडला. त्यावरही तीच लाट होती.

"भरतेश, कुणाच्या?"

"दोन्ही वेळा माझ्याच."

डॉ. मुजावरांनी पेन बंद केलं. त्याला चप्पल काढायला सांगितली, बाकावरच्या पेडलवर पाय ठेवायला लावला आणि एक मिनिट स्थिर धरायला सांगितलं. रेघ उमटू लागली. डोळ्यांना पाय हललेला दिसत नव्हता, त्यालाही काही जाणवत नव्हतं. रेघेवर मात्र फणीचे दात होते.

*

भरतेशच्या मेंदूची तपासणी झाली. पेशी पुरेशा शिल्लक होत्या. एक्केचाळीस जणांपैकी अकरा जण वेळेत सापडले होते. बारावा भरतेश होता.

रोधक टोचून घ्यायच्या दिवशी अण्णा वहिनींबरोबर कोल्हापूरला आले. बोलावलं नव्हतं. ते त्याच्या पलंगाशेजारी बसले आणि त्यांनी डॉ. मुजावरांना विचारलं, "वेळेत हाय न्हवं?"

"वेळेत आहे. इथंच थांबेल, पुढं जाणार नाही."

अण्णांनी मोठा श्वास सोडला. त्यांच्या चेहऱ्यावर खरोखरचा आनंद होता, आणि भरतेशला त्याकडे बघवेना.

"अण्णा, हे तुमचं होतं," तो म्हणाला.

"माझं कशाचं? उगाच काहीतरी." अण्णा पुढे वाकले. "दंड उघडा कर. त्या नर्सबाई खोळंबल्यात."

त्यांनीच त्याच्या मनगटाचं बटण काढायला घेतलं. बोटं थरथरत होती, बटण सुटत नव्हतं. नर्स पुढे झाली, तेव्हा भरतेशने मान हलवून तिला थांबवलं. हात पुढे धरून तो बसून राहिला. बटण निघायला बराच वेळ लागला.